खदानीजवळची विहीर भरलेली आणि दूरची बोअर आटलेली, हे कसे मोजावे?

वर्धाकाठची सदस्य यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वर्धा नदीच्या अलीकडे वसलेल्या एका लहान गावाच्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. आमच्या शिवाराच्या पूर्वेस कोळशाची खुली खदान असून गेल्या सहा-सात वर्षांत तिचा काठ गावाकडे बराच सरकला आहे. खदानीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला येथे आरोप करायचा नाही, मोजमाप कसे करावे हे समजून घ्यायचे आहे.

आमच्या घरची बांधीव विहीर नाल्याच्या काठी, खदानीच्या हद्दीपासून अंदाजे सातशे मीटरवर आहे. ती चाळीस फूट खोल असून तिला आजही पाणी आहे; इतकेच काय, उन्हाळ्यात ते पूर्वीपेक्षा हात-दोन हात अधिकच असते. गावाच्या नळयोजनेची बोअर मात्र खदानीपासून सुमारे दीड किलोमीटरवर, गावाच्या पश्चिमेला आहे. दोनशे वीस फुटांच्या या बोअरवर जी मोटर पूर्वी मे महिन्यातही सलग चार तास चालत असे, ती आता मार्चमध्येच पाऊण तासात हवा ओढू लागते. ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा खदानीतर्फे आलेल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले की, खदानीमुळे पाणी जात असते तर आधी जवळची विहीर आटायला हवी होती, दूरची कशी आटली? आमच्यापैकी कोणालाही त्याचे उत्तर देता आले नाही.

दुसरी गोष्ट नाल्याची. हा नाला पूर्वी दिवाळीनंतर कोरडा पडायचा. आता तो होळीपर्यंत वाहतो आणि पावसाळ्यात काठच्या वावरांतून राखाडी गाळ पसरवतो. कपाशीच्या तासांत त्याचा बोटभर साका बसलेला मी स्वतः पाहिला आहे. खदानीच्या सहामाही अहवालात मात्र भूजल पातळी सामान्य असल्याचे लिहिलेले आहे. आम्ही स्वतः काय मोजावे, किती वेळा मोजावे, आणि आमचे आकडे कोणी ग्राह्य धरेल का?

खडक आणि पाणी यांचे उत्तर

ताई, अधिकाऱ्यांचा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे आपल्या विहिरीचे पाणी आणि बोअरचे पाणी एकाच थरातले आहे. वर्धा खोऱ्यात हे गृहीत बहुधा टिकत नाही. येथील कोळसा गोंडवना या जुन्या खडकसमूहाच्या बराकार नावाच्या थरांत आहे, त्यावर पुष्कळ ठिकाणी कामठी वालुकाश्म (वाळूचा दगड) आहे, आणि पश्चिमेकडे सरकत गेले की त्याच्याही वर बेसाल्टचा, म्हणजे काळ्या दगडाचा, थर आणि आपली काळी माती येते. चाळीस फुटांची विहीर मुरूम आणि झिजलेल्या बेसाल्टातले वरचे पाणी पिते, तर दोनशे वीस फुटांची बोअर बहुतेक वालुकाश्मात उतरलेली असते. या दोहोंच्या मध्ये चिकणमातीचा किंवा घट्ट खडकाचा पट्टा असेल, तर ते एकाच घराचे दोन मजले असले तरी जिना नसलेले मजले आहेत. खदान कोळशापर्यंत पोचण्यासाठी वालुकाश्म कापून खाली जाते, त्यामुळे खालच्या मजल्याचे पाणी त्या खड्ड्याकडे ओढले जाते आणि वरच्या मजल्यावर त्याची चाहूलही लागत नाही, असे घडू शकते.

खदानीचा प्रभाव किती दूर जातो, याचा ढोबळ अंदाज बांधण्यासाठी एक जुने सूत्र वापरतात: पाण्याची पातळी जितके मीटर खाली ओढली असेल, तिला ३,००० ने गुणावयाचे आणि मग खडकाच्या पाझरक्षमतेच्या वर्गमुळाने गुणावयाचे. समजा, खदानीने पातळी ५० मीटर खाली नेली आहे. ज्या खडकाची पाझरक्षमता सेकंदाला मीटरचा दहा लाखावा भाग आहे, त्यात प्रभाव सुमारे १५० मीटरवर संपतो. जो भुसभुशीत थर याच्या शंभरपट पाझरतो, त्यात तोच प्रभाव १,५०० मीटरपर्यंत जातो. थर दोन घट्ट पट्ट्यांमध्ये कोंडलेला असेल, तर त्याही पलीकडे जाऊ शकतो. वाटेत एखादा भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची रेषा, असेल, तर तो पाणी अडवतो किंवा उलट वाट करून देतो. सूत्र ढोबळच आहे, त्यावर तक्रार उभी करू नये. परंतु दूरची बोअर आधी आटणे अशक्य नाही एवढे त्यावरून दिसते.

म्हणून पहिले काम मोजण्याचे नसून विचारण्याचे आहे. बोअर मारणाऱ्याकडे किती फुटांवर कोणता चुरा निघाला याची नोंद असते. काळा, पिवळा की वाळूसारखा, एवढे कळले तरी पुरे. त्याचबरोबर सहामाही अहवालात खदानीचे पिझोमीटर किती खोल आहेत ते शोधावे. पिझोमीटर म्हणजे पातळी मोजण्यासाठीच मारलेली बारीक बोअर. तिची जाळी, म्हणजे पाणी आत येऊ देणारा भोकांचा भाग, ज्या थरात असते त्याच थराची पातळी ती सांगते, इतर थरांविषयी ती मुकी असते.

निवृत्त सर्व्हेअर यांचे उत्तर

मी बावीस वर्षे खुल्या खदानींत काम केले आहे, म्हणून नाल्याविषयी लिहितो. दिवाळीला आटणारा नाला होळीपर्यंत वाहू लागला, तर वरच्या बाजूला कोणीतरी पंप चालवत आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खदानीच्या तळाशी सर्वांत खोल जागी पाणी गोळा करण्याचा खड्डा असतो, त्याला आम्ही संप म्हणतो (कामगारांचा संप नव्हे, जरी दोन्हींत काम थांबतेच). खडकातून झिरपलेले आणि पावसाचे असे दोन्ही पाणी तेथे येते. ते उपसून गाळ बसवण्याच्या तळ्यात सोडायचे, रस्त्यांवर आणि झाडांना मारायचे, आणि उरलेले नाल्यात सोडायचे, असा क्रम असतो. आपल्या जवळच्या विहिरीला पाणी अधिक का, याचे उत्तर मला येथेच दिसते: नाल्यात सोडलेले खदानीचे पाणी विहिरीत पाझरत असावे. तसे असेल तर विहीर भरलेली दिसणे हा खदानीच्या निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही.

आता गाळाविषयी. पावसाचे गणित पाहा: १०० हेक्टर उघड्या क्षेत्रावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी जमा होते. म्हणूनच संपाची क्षमता अचानक येणाऱ्या सर्वाधिक पावसाच्या दीडपट धरावी, असे पर्यावरण मंजुरीच्या अटींत लिहिलेले असते. पण क्षमता कागदावर पुरेशी असली तरी तळ्यात पाणी थांबते किती वेळ, हा खरा प्रश्न आहे. वाळूचा कण बघता बघता तळाला जातो. मीटरचा वीस दशलक्षांश एवढा बारीक कण एक मीटर खाली बसायला पाऊण तास लागतो. आणि आपल्याकडच्या चिकणमातीतला दोन दशलक्षांश मीटरचा कण तेवढेच अंतर खाली जायला तीन दिवसांहून अधिक घेतो, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. तळे गाळाने अर्धे भरलेले असेल, तर पाणी या टोकाने आत शिरते आणि त्या टोकाने तसेच गढूळ बाहेर पडते. आपल्या आजी रांजणात तुरटी फिरवीत किंवा निवळीचे बी उगाळीत, तेच काम मोठ्या प्रमाणावर तेथेही करता येते. मी जेथे होतो तेथे तळ्यातला गाळ तपासणीची चाहूल लागली की काढला जात असे, हे लिहिताना मला संकोच वाटतो, परंतु ते खरे आहे.

कोळसा खदानींच्या सांडपाण्यासाठी २००० साली अधिसूचित झालेल्या मानकांनुसार नाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, सामू (पीएच) ५.५ ते ९ या दरम्यान असावा आणि तेल व ग्रीस १० मिलिग्रॅमच्या आत असावे. आपण नमुना घ्याल तेव्हा पाऊस ओसरल्यावर दोन दिवसांनी घेऊ नका. पाऊस चालू असताना, तळ्याच्या सांडव्याच्या खाली घ्या. शिवाय पंप किती तास चालले याची नोंद खदानीत रोज होते. माहितीच्या अधिकारात ती जरूर मागा, कारण पातळीच्या आकड्यांपेक्षा ती नोंद पुष्कळदा अधिक बोलते.

धुऱ्यावरून यांचे उत्तर

ताई, आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. आमच्या गावाने सात विहिरींची वही तीन वर्षे ठेवली आहे, आणि त्यातले पहिले दहा महिने पूर्णपणे वाया गेले, ते कसे हे आपल्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो. आम्ही नायलॉनच्या दोरीला दर फुटाला गाठी मारून ती विहिरीत सोडत होतो. दोरी ओली झाली की ताणते, हे आमच्या ध्यानात आले नाही. शिवाय ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तो मोजत असे, कधी सकाळी, कधी हरभऱ्याला ओलीत देऊन मोटर बंद केल्यावर लगेच. भूजल यंत्रणेच्या साहेबांनी ती वही पाहिली, दोन पाने उलटली आणि अत्यंत सौजन्याने परत दिली.

आता आम्ही पोलादी पट्टी वापरतो. तिच्या शेवटच्या मीटरला खडू घासतो, पट्टी पाण्यात थोडी बुडवतो, वर काढून खडू कोठपर्यंत ओला झाला ते पाहतो आणि तेवढे वजा करतो. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल ऑइल पेंटची खूण आहे आणि पट्टी त्याच खुणेवर धरतो. खुणेची जमिनीपासूनची उंची वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे. मोजणी पहाटे, मोटरी सुरू होण्याआधी, महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला होते. पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रावरून घेतो, आणि त्या पंधरवड्यात शेजारच्या किती बोअर चालू होत्या हेही लिहितो, कारण उद्या कोणी म्हणेल की पातळी तुमच्याच गव्हाने खाली नेली, तर त्यात तथ्य किती आहे हे आपल्यालाच आधी ठाऊक असावे.

सर्वांत उपयोगी ठरली ती आठवी विहीर, जी आमच्या गावातली नाहीच. ती खदानीपासून दहा किलोमीटरवर, तशाच खडकातली, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर आहे आणि तिच्या जुन्या नोंदी कार्यालयात मिळतात. ज्या वर्षी पाऊस कमी पडतो त्या वर्षी तीही खाली जाते. तिच्या आणि आपल्या पातळीतले अंतर वर्षागणिक वाढत गेले, तर त्याचे खापर पावसावर फोडता येत नाही.

वर्धाकाठची सदस्य (तीन आठवड्यांनंतर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोअर मारणाऱ्याचा मुलगा आता तोच व्यवसाय करतो. त्याने वडिलांची डायरी शोधून दिली. त्यात साठ फुटांपर्यंत काळा दगड, मग एकशे दहा फुटांपर्यंत चिकट लाल-पांढरी माती, आणि त्याखाली शेवटपर्यंत पिवळसर वाळूचा दगड, अशी नोंद आहे. पाणीही एकशे तीस फुटांनंतरच लागले होते.

यानंतर मी अहवाल पुन्हा वाचायला घेतला. आमच्या गावाच्या दिशेला असलेल्या पिझोमीटरची खोली परिशिष्टातल्या एका तक्त्यात दिलेली आहे, आणि ती २५ मीटर आहे. म्हणजे ब्याऐंशी फूट. तो चिकट मातीतच संपतो, वालुकाश्मापर्यंत पोचतच नाही. अहवालात खोटे काही लिहिलेले नाही; आमची बोअर ज्या थरातून पाणी घेते, त्या थराविषयी त्यात काहीच लिहिलेले नाही, एवढेच.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांकडून टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारे मीटर आणून मोजणीही केली. आमच्या नाल्याकाठच्या विहिरीचा टीडीएस लिटरला १,२४० मिलिग्रॅम, नाल्याच्या पाण्याचा १,३१०, आणि नाल्यापासून दूर, गावठाणाच्या पलीकडच्या तेवढ्याच खोल विहिरीचा ६१०. सासूबाई दोन वर्षांपासून म्हणत होत्या की या पाण्यात डाळ शिजत नाही. आम्ही ते मनावर घेतले नव्हते.

खडक आणि पाणी

डाळ न शिजणे म्हणजे पाणी जड असणे, आणि सासूबाईंनी दोन वर्षे अगोदर केलेले ते निरीक्षण तारखेनिशी वहीत लिहून ठेवावे. डायरी आणि तक्ता या दोन कागदांनी ग्रामसभेतल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ दिले आहे, तरी ‘जवळजवळ’ हा शब्द मी काढणार नाही. पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आणि दुसरा स्रोत नसल्यास चालवून घेण्याची मर्यादा २,००० आहे, म्हणून केवळ १,२४० या आकड्यावर ओरड करून उपयोग नाही. ते क्षार कोठून आले हे दाखवावे लागेल. दोन्ही विहिरी, नाला आणि खदानीच्या तळ्याचा सांडवा अशा चार जागांचे नमुने एकाच दिवशी जिल्हा प्रयोगशाळेत द्यावेत आणि सल्फेट, एकूण कठीणता, नायट्रेट व फ्लोराइड तपासून घ्यावे. कोळशाबरोबरच्या लोहमाक्षिकाला (लोखंड आणि गंधकाचे खनिज, पायराइट) हवा-पाणी लागले की आम्ल आणि सल्फेट तयार होते. आपल्याकडच्या कोळशात गंधक आसामातील माकुमच्या कोळशाएवढे नसते आणि खडकातला चुना आम्ल मारून टाकतो, त्यामुळे सामू पुष्कळदा सातच्या आसपास राहतो. सल्फेट आणि कठीणता मात्र मागे उरते. नाला, सांडवा आणि आपली विहीर यांत सल्फेट सारखेच चढलेले आणि गावठाणापलीकडच्या विहिरीत कमी असेल, तर पाण्याची वाट दिसली. फ्लोराइड यवतमाळ-चंद्रपूरकडे खडकातूनही येते, म्हणून ते खदानीच्या माथी मारण्याची घाई करू नये.

नायट्रेट वाचताना एक चूक हमखास होते. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असते, म्हणून खदानीच्या पाण्याला नायट्रेटचे मानक आहे, परंतु ते नायट्रोजनच्या रूपात लिटरला १० मिलिग्रॅम असे दिलेले असते, आणि पिण्याच्या पाण्याची ४५ ची मर्यादा संपूर्ण नायट्रेटच्या रूपात असते. खदानीच्या अहवालातला ८ हा आकडा पिण्याच्या मानकाशी ताडायचा झाला तर त्याला ४.४३ ने गुणावे लागते, म्हणजे तो ३५ होतो. अर्थात युरिया आणि गोठ्यामुळेही नायट्रेट वाढते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये.

पत्र लिहाल तेव्हा मागणी नेमकी ठेवावी: गाव आणि खदान यांच्या मध्ये, वालुकाश्मात जाळी असलेला आणि वरची माती सिमेंटने बंद केलेला एक पिझोमीटर हवा. पर्यावरण मंजुरीच्या अटींत सहसा मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी अशी वर्षातून चार वेळा पातळी मोजण्याची, तसेच खाणकामामुळे पाणी उतरल्याचे दिसल्यास गावाला पर्यायी पाणीपुरवठा करण्याची अट असते. आपल्या खदानीचे मंजुरीपत्र पर्यावरण मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून काढून त्यातल्या अटीचा क्रमांकच पत्रात घालावा. प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूर येथील प्रादेशिक कार्यालयाला आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या नागपूर कार्यालयाला द्यावी. तोपर्यंत टँकर किंवा नवी योजना हवी असेल, तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या (खाणबाधित भागासाठी खदानींकडून जमा होणाऱ्या) निधीत पिण्याचे पाणी उच्च प्राधान्याच्या कामांत मोडते.

निवृत्त सर्व्हेअर

माझी एक सूचना आहे. खदानीची माणसे मे महिन्यात मोजणीला येतीलच. त्यांना आधी पत्र देऊन त्याच दिवशी, त्यांच्याच उपकरणाने आपली बोअर आणि विहीर मोजून घ्या, आणि दोन्ही वह्यांत दोघांच्या सह्या करा. सही झालेल्या आकड्यावर नंतर कोणी वाद घालत नाही.

वर्धाकाठची सदस्य

पत्र आज दिले. बोअरचे झाकण काल उघडून पाहिले. मोटरच्या पाइपाला आणि केबलला अडून पट्टी वीस फुटांखाली जातच नाही. यावर काय करावे?

धुऱ्यावरून

पुढच्या वेळी मोटर वर काढाल तेव्हा मुख्य पाइपाला लागून एक इंची प्लास्टिकचा पाइप बांधून मोटरच्या थोडा वरपर्यंत सोडा, त्याच्या खालच्या तीन-चार फुटांत भोके पाडा आणि पट्टी कायम त्यातूनच उतरवा. वरच्या तोंडाला बूच लावायला विसरू नका. आमच्याकडे पोरांनी त्यात खडे टाकले होते.